मदत हवी आहे: पायथनमधून तक्त्यासह मेल, पहिला जातो, दुसऱ्यावर स्क्रिप्ट अडते

इतवारीकर:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत आमचं धान्य-किराण्याचं ठोक दुकान आहे. भंडारा, वर्धा, उमरेड, काटोल इकडच्या पार्ट्यांना महिनाअखेरीस खातेउतारा पाठवावा लागतो. आजवर मुनीमजी पीडीएफ काढून एकेकाला व्हॉट्सॲप करायचे. पीडीएफ कोणी उघडत नाही, आणि वसुलीच्या वेळी "आम्हाले हिशोब भेटलाच नाही" हे ठरलेलं. म्हणून तारीख, बिल नंबर, नावे, जमा, बाकी असा तक्ता मेल उघडताच समोर दिसावा, एवढीच इच्छा.

कोड दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे, मी मोबाईलवरून लिहितोय, तेव्हा शब्दांत सांगतो. सुरुवातीला एकच ईमेल-मेसेज तयार करतो. मग लूपमध्ये (तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोड) सीएसव्हीतली (रकान्यांची साधी मजकूर-फाइल) एकेक पार्टी घेऊन 'टू' म्हणजे पाठवायचा पत्ता भरतो, सेट-कंटेंटने एचटीएमएल, म्हणजे तक्त्यासकटचा सजवलेला मजकूर टाकतो, ॲड-अल्टरनेटिव्हने साधा मजकूर जोडतो आणि जीमेलच्या ५८७ पोर्टवरून पाठवतो. लॉगिनची तक्रार नाही, टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड घेतला आहे.

पहिला मेल जातो, पण त्यात तक्ता नाही, नुसता साधा मजकूर. 'शो ओरिजिनल' करून मेलचं मूळ रूप पाहिलं तर एचटीएमएल आत आहे! आणि दुसऱ्या पार्टीला व्हॅल्यूएरर येतो, 'टू' हेडर जास्तीत जास्त एकच असू शकतं असं काहीतरी. शिवाय सीएसव्हीत 'पार्टी' नावाचा पहिला रकाना डोळ्यांना दिसतो, पण पायथन म्हणतं असा रकानाच नाही.

गणेशपेठचा_पंटर:
भाऊ, ईमेल-मेसेजऐवजी निरोप बनवायचा जुना प्रकार, एमआयएमई-मल्टीपार्ट वापरा ना. मी तोच वापरतो, त्यात हा एरर येतच नाही.

लूपवाला:
बाप्पा, थांबा! एरर येत नाही म्हणूनच तो इथे वापरू नका. पायथनच्या ईमेलमध्ये 'टू'ला नवा पत्ता दिला की जुना पुसला जात नाही, खाली आणखी एक ओळ जोडली जाते. जुना प्रकार हे गुपचूप चालवून घेतो. मेल पाठवणाऱ्या सेंड-मेसेजला वेगळा पत्ता दिला नसेल तर ते फक्त पहिली 'टू' ओळ बघतो. म्हणजे उमरेडवाल्याचा आणि काटोलवाल्याचा उतारा भंडाऱ्याच्याच पत्त्यावर रवाना. उधारीचे आकडे दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती गेले तर काय होईल, ते इतवारीतल्या माणसाला मी काय सांगू. नव्या प्रकाराने, म्हणजे ईमेल-मेसेजने तुम्हाला अडवलं हे बरंच झालं.

उपाय सोपा आहे. ईमेल-मेसेज तयार करायची ओळ लूपच्या आत घ्या, दर पार्टीला कोरा निरोप. नुसतं 'टू' पुसून भागणार नाही, कारण अल्टरनेटिव्ह जोडल्यावर निरोप मल्टीपार्ट (अनेक भागांचा) होतो आणि त्यावर पुन्हा सेट-कंटेंट चालत नाही. सर्व्हरचं लॉगिन मात्र लूपबाहेरच ठेवा, दर मेलला नवं कनेक्शन कशाला?

तक्त्याचं म्हणाल तर क्रम उलटा आहे. मल्टीपार्ट-अल्टरनेटिव्हमध्ये (एकाच मजकुराची अनेक रूपं असलेला मेल) साधं रूप आधी आणि सगळ्यात चांगलं रूप शेवटी, असा नियम आहे. मेल उघडणारं ॲप आपल्याला झेपेल असं शेवटचं रूप दाखवतं. तुमचं शेवटचं साधा मजकूर आहे, तर तेच दिसणार. सेट-कंटेंटला साधा मजकूर द्या आणि ॲड-अल्टरनेटिव्हला एचटीएमएल, सबटाइप 'एचटीएमएल' लिहायला विसरू नका.

रकान्याचा घोळ एक्सेलचा. 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या तोंडाशी एक न दिसणारं चिन्ह बसतं आणि ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतं. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या.

तक्ता दिसायला लागला की पुढची कटकट आउटलुकची. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून मेल वर्डच्या इंजिनाने रंगवतं, त्याला फ्लेक्सबॉक्स वगैरे मांडणीच्या नव्या पद्धती कळत नाहीत. जुन्या पद्धतीचा टेबल टॅग घ्या आणि पॅडिंग, बॉर्डर प्रत्येक टीडीवर (तक्त्यातला एक चौकोन) इनलाइन, म्हणजे त्या टॅगमध्येच लिहा. कंटाळवाणं आहे, पण टिकतं.

इतवारीकर:
लूपवाला भाऊ, आभार! घरच्याच पत्त्यांवर पाठवून पाहिलं, ज्याचा त्याला गेला आणि तक्ता झकास दिसतोय. फक्त बाकी १४५,००० अशी येते. काकांनी बघताच विचारलं, "हे काऊन असं? आपल्या वहीत असं कधी लिहिलं का?"

लूपवाला:
काका बरोबर आहेत. पायथनच्या फॉरमॅटमधला स्वल्पविराम दर तीन आकड्यांनी पडतो, त्याला लाख माहीत नाही. बॅबेल नावाची लायब्ररी टाका, तिच्या फॉरमॅट-डेसिमलला भारतीय इंग्रजीचं लोकेल (त्या भागातल्या लिखाणाची पद्धत) दिलं की १,४५,००० येईल. आणि रकमांचा रकाना उजवीकडे सरकवा, तेही इनलाइनच.