कमी पैशांत पक्षी आणि किडे: तुमची लेन्स कोणती? (अनुभव धागा)

भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीत बसलं की शेजारच्या होडीत कुणाच्या तरी मांडीवर लाखांच्या घरातली लेन्स असतेच. नव्याने फोटो काढू लागलेली मुलं ती बघतात आणि स्वतःचा कॅमेरा पिशवीतच ठेवतात. हे मी अनेकदा पाहिलंय, आणि मला ते खरंच लागतं. म्हणून हा धागा. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, नवी की जुनी, तिने कुठे साथ दिली आणि कुठे अडली, ते लिहा. नुसतं ‘मस्त आहे’ नको.

सुरुवात माझ्यापासून. कॅननची क्रॉप सेन्सरची (म्हणजे छोट्या सेन्सरची) बॉडी आणि ५५-२५० एसटीएम, म्हणजे ५५ ते २५० एमएमची झूम लेन्स. क्रॉपमुळे २५० ची चौकट साधारण ४०० एमएमइतकी मिळते. नावाड्याने होडी हळू नेली तर शेकाट्या, वेडा राघू चौकटीत छान बसतात. उडणारे पक्षी मात्र बहुतेक वेळा हातचे जातात. दोन हिवाळे मी या लेन्सला दोष देत होतो, कारण सकाळी दहानंतरचे सगळे रोहित (फ्लेमिंगो) कडांना विरघळल्यासारखे यायचे. मग एकदा होडीतल्या सोबत्याने त्याच्या ६०० एमएमवरचे त्याच वेळचे फोटो दाखवले. तेही तसेच! पाण्यावरची तापलेली हवा होती ती. आता मी उजाडता उजाडता पाण्यात असतो आणि नऊच्या सुमारास परततो.

आंबोलीहून

मी पावसाळ्यात पाहुण्यांना रात्री बेडूक दाखवायला नेतो. माझ्याकडेही हीच ५५-२५०, आणि तिच्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-२५०, जवळचं मोठं दाखवणारं जोडभिंग. दोन्ही बाजूच्या क्लिपा दाबायच्या आणि बसवायचं, ५२ ते ६७ एमएमच्या कुठल्याही लेन्सवर बसतं. हे +८ डायॉप्टरचं भिंग आहे, म्हणजे त्याची फोकल लांबी १२५ एमएम. म्हणून लेन्स १२५ वर ठेवली तर जवळपास १:१ मिळतं (विषय सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो), २५० वर दुप्पट. झूम फार मागे आणला की कोपरे काळे पडतात.

फोकस रिंग फिरवत बसू नका. झूम ठरवा आणि स्वतः पुढे-मागे झुका. एफ ११ (अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक), शटर १/२००, उजेड सगळा फ्लॅशचा. फ्लॅशपुढे मी टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम वाकवून लावलाय. तो नसेल तर बेडकाच्या ओल्या पाठीवर पांढरा डाग येतो आणि फोटो गेलाच म्हणून समजा.

एक सांगायलाच हवं. रेनॉक्स लावल्यावर विषय जेमतेम १२ सेंटिमीटरवर असतो. चापड्यापाशी (विषारी साप आहे तो) ते लावून जायचं नाही. सापाला भिंग काढा, नुसती ५५-२५० दीड मीटरवरून पुरते. आणि पाण्यावरच्या पानांत मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं फेसाचं घरटं दिसलं तर फांदी वाकवू नका. पिल्लं खालच्या पाण्यातच पडायला हवीत.

कोल्हापूरहून, कॉलेजात शिकते

माझ्याकडे फक्त कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ आहे. रिव्हर्स रिंग घेऊन ती उलटी लावते. १८ कडे गेलं की मुंगीचं डोकं चौकटभर येतं, ५५ कडे सौम्य. अडचण अशी की उलट्या लेन्सचं कॅमेऱ्याशी बोलणं बंद होतं आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं राहतं. कॅननवाल्यांसाठी युक्ती: लेन्स सरळ असताना एफ ८ ठेवा, डेप्थ प्रिव्ह्यूचं (ठरवलेलं भोक आधीच करून दाखवणारं) बटण दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा. पाती तिथेच थांबतात. पण अंतर चार-पाच सेंटिमीटरच मिळतं, फुलपाखरू थांबतच नाही. आंबोलीच्या दादा, १८-५५ वर रेनॉक्स चालेल का?

आंबोलीहून

बसेल, पण ५५ वर अर्धपटीच्या आसपासच मिळेल गं. आधी जुनी ५५-२५० शोध, मग रेनॉक्स घे.

नागपूरहून

ताडोब्यासाठी मी १५०-६०० घेतली, सेकंड हॅन्ड. वजन दोन किलोच्या आसपास, जिप्सीत हातात धरून तासभर निघत नाही. लेन्स टेकवायला बीन बॅग (छोटी उशी) शिवून घेतली, आत तांदूळ. रिकामी नेतो आणि मुक्कामी भरतो. पहाटे ६०० ला एफ ६.३ म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ३२०० ला न घाबरण्याची तयारी हवी. मला सगळ्यात मोठा धडा असा मिळाला की वाघ रस्त्यावरून जिप्सीकडे चालत आला आणि १५० वरही माझ्या चौकटीत फक्त तोंड. शेजारच्या काकांनी ७०-३०० वर अख्खा वाघ, मागचा बांबू, धूळ, सगळं घेतलं. तो फोटो माझ्याहून सरस आहे. वर्षातून एकदाच जंगलात जात असाल तर विकत घेऊ नका, भाड्याने न्या.

ठाण्याहून

पाठीच्या दुखण्यामुळे जड काही उचलत नाही. कॅननची आरएफ १००-४०० वापरते, ६३५ ग्रॅम. टोकाला एफ ८ आहे, त्यामुळे ढगाळ हवेत ती घरीच. उन्हात ऐरोलीच्या बोटीवरून रोहित अगदी मनासारखे मिळतात, मात्र भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा.

रत्नागिरीहून

जुनी घ्या असं सगळे सांगताहेत, म्हणून लिहिते. मी ऑनलाइन एक जुनी मॅक्रो (अगदी जवळून टिपायची) लेन्स घेतली. फोटोत काच लख्ख होती. घरी आल्यावर अ‍ॅपर्चर उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. विकणाऱ्याने परत घेतली नाही आणि साफसफाईचा खर्च किमतीच्या निम्म्याने आला. तेव्हा टॉर्चचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडे दमट लागतात, लेन्सचं काय होत असेल! महागडं ड्राय कॅबिनेट मी घेतलं नाही. रबर पट्टीचा घट्ट डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घेते (कढई वेगळी ठेवा, स्वयंपाकाला नको). चामड्याच्या केसमध्ये लेन्स कधीच ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

नाशिकहून

थोडक्यात: ५० एमएम १.८ आणि ३६ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायची पोकळ नळी). पाऊणपटीच्या आसपास मिळतं. ट्यूब संपर्कबिंदू असलेलीच घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर बदलत नाही. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी लांब असले की मी काठावरच्या गवतात टाचण्या (चतुरासारखे बारीक कीटक) शोधतो.

कोल्हापूरहून

अडीच महिन्यांनी परत लिहितेय. मामांच्या ओळखीतून ५५-२५० मिळाली, टॉर्च मारून बघितली, स्वच्छ. रेनॉक्स परवा आलं. काल सकाळी गच्चीतल्या तुळशीवर उड्या मारणारा कोळी होता, नखाएवढाही नाही. ७४ फोटो काढले, ३ मध्ये डोळे धारदार आलेत. एकात पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांत आमच्या गच्चीचा कठडा दिसतोय आणि त्याच्यामागे आभाळ.