‘अंपायर माणूस आहे, चुकणारच’ म्हणणाऱ्यांसाठी

एडिसनचा अण्णा
काल इथे एका सद्गृहस्थांनी गळा काढला की २०२६ पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये बॉल-स्ट्राइकला (चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर की चौकटीत, या अंपायरच्या निर्णयाला) एबीएसचं, म्हणजे चेंडू मोजणाऱ्या कॅमेरा-मशीनचं, चॅलेंज लागू, म्हणजे बेसबॉलचं वाटोळं झालं. अंपायर माणूस आहे, चुकणारच, ‘तीच तर खेळाची मजा’. वर लाइकचा पाऊस. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मजा कुणाची हो? जून २०१०, डेट्रॉइट. पिचर गॅलारागाने ओळीने २६ बॅटर घरी पाठवले. सत्ताविसावा डोनाल्ड पहिल्या बेसवर चांगला पाऊलभर उशिरा पोचला आणि अंपायर जिम जॉइसने त्याला सेफ दिलं. परफेक्ट गेम (सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद, एकही बेसवर नाही) तिथेच मेला. जॉइसने रिप्ले बघून रडत माफी मागितली, दुसऱ्या दिवशी गॅलारागाने स्वतः जाऊन त्याच्या हातात लाइनअप कार्ड दिलं, अख्खा देश गहिवरला. छान. पण कमिशनर सेलिगनी निकाल फिरवला नाही तो नाहीच. रेकॉर्डमध्ये आजही ती एक हिट दिलेली मॅच आहे. त्या खिलाडूपणाच्या कौतुकाचं लोणचं घालायचं का गॅलारागाने?

आणि ती चूक निदान सगळ्यांना दिसली. माझ्या डोक्यात जातो तो बेभरवशाचा झोन, म्हणजे बॅटरपुढच्या प्लेटवरची ती स्ट्राइकची चौकट. पहिल्या इनिंगला गुडघ्याखालचा चेंडू स्ट्राइक, सातव्या इनिंगला तोच चेंडू बॉल. ३-० ला (तीन बॉल, शून्य स्ट्राइक) झोन ऐसपैस, ०-२ ला अंग चोरतो. १९९७ च्या एनएलसीएसची (नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेची) पाचवी मॅच आठवा. अंपायर एरिक ग्रेगने पिचर लिव्हान हर्नांडेझला प्लेटबाहेर एवढी जागा आंदण दिली की त्याने १५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, बॅटर बाद) काढले. शेवटचा बॅटर मॅकग्रिफ, त्याला तो चेंडू मारायला बॅट नाही, बांबू लागला असता.

माझं म्हणणं सरळ आहे. चेंडू कुठून गेला ते मशीनला कळतंय, तर प्रत्येक संघाला दोनच चॅलेंज कशाला? सगळेच चेंडू मशीनला देऊन टाका. आणि प्रत्येक अंपायरची प्रत्येक मॅचची गुणपत्रिका लीगकडे असते, ती उघड करा. आम्ही कुठवर त्या बाहेरच्या ‘अंपायर स्कोअरकार्ड्स’ साइटवर भागवायचं?

तिसरा बेस
अण्णा, सोफ्यावर बसून टीव्हीवरचा चौकोन बघत अंपायरिंग करणं सोपं असतं.

मी दर शनिवारी पोरांच्या मॅचना प्लेटमागे उभा असतो. कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीतून बघायचं, म्हणजे बाहेरचा खालचा कोपरा डोळ्यांपासून सगळ्यात लांब, त्यात कॅचरचं डोकं मध्ये. मास्कची जाळी, डाव्या हातात क्लिकर, आणि पाठीमागे कुणाचा तरी बाप फोनवर व्हिडिओ दाखवत ‘ब्लू (म्हणजे अंपायर), हे बघ’ करून ओरडतोय. मागच्या सीझनला एक गृहस्थ पार्किंगपर्यंत मागे आले होते. पोरगा दहा वर्षांचा. तुमच्यासारखे लेख वाचूनच ही जमात तयार होते.

मेजर लीगचे अंपायर साधारण ९४ टक्के चेंडू बरोबर देतात. शंभर मैलांच्या चेंडूला. आणि २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सराव मॅचमध्ये) हे चॅलेंज वापरून बघितलं तेव्हा काय झालं? जेमतेम ५२ टक्के निर्णय फिरले. म्हणजे ‘अंपायर आंधळा आहे’ अशी खात्री पटल्यावरच खेळाडूने डोक्यावर हात थोपटला (चॅलेंजची खूण), आणि तरी जवळजवळ निम्म्या वेळा आंधळा तोच निघाला.

दुसरं. गुण देताना अंपायरना झोनच्या कडेला दोन इंचांची सवलत होती, २०२५ ला ती पाऊण इंचावर आणली. तुम्हाला हवा तो काटेकोरपणा आला ना? लगेच पिचर बोंबलायला लागले की झोन आकसला.

निवांत
अंपायर पॅट होबर्गने २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या मॅचमध्ये १२९ पैकी १२९ चेंडू बरोबर दिले. २०२५ ला त्याला नोकरीवरून काढलं. सट्ट्याचं खातं मित्राबरोबर वाटून घेतलं म्हणून. मॅच फिरवल्याचा पुरावा नाही, असं लीगच म्हणाली. चालू द्या.

फ्रेमाँटकर
तुम्ही सगळे झोन झोन करत बसा. १४ ऑक्टोबर २०२१. जायंट्स १०७ मॅच जिंकलेले, डॉजर्स १०६, सिरीज २-२, शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे. डॉजर्सच्या शर्झरच्या चेंडूवर आमच्या फ्लोरेसने बॅट आवरली, अख्ख्या जगाने बघितलं, आणि पहिल्या बेसवरून अंपायर गेब मोरालेसने मूठ वर केली, म्हणजे बॅट फिरली, स्ट्राइक. सीझन खल्लास. चेक स्विंगची (अर्ध्यावर आवरलेल्या फटक्याची) धड व्याख्या तरी आहे का नियमांच्या पुस्तकात? नाही. रिप्ले नाही, चॅलेंज नाही. फ्लोरिडातल्या खालच्या लीगमध्ये बॅटसाठी ४५ अंशांची रेघ धरून प्रयोग केलाय, तो वर कधी आणणार? त्यावर बोला.

एडिसनचा अण्णा
@तिसरा बेस, पार्किंगमधला तो माणूस मी नव्हे. पोरांच्या मॅचला फुकट किंवा चहापाण्यावर उभा राहणारा माणूस आणि मेजर लीगच्या पगारी ७६ जणांतला एक, यांना एकाच मापाने मोजायला मी कुठे सांगितलं? उगाच स्वतःवर ओढवून घेऊ नका.

९४ टक्क्यांचं म्हणाल तर त्यात झोनच्या मधोमध आलेले आणि जमिनीवर आपटलेले चेंडूही धरलेत. ते माझी आजीसुद्धा बरोबर देईल. आणि अंपायर अँजेल हर्नांडेझ? २०१८ च्या यांकीज-रेड सॉक्स प्लेऑफमध्ये एकाच मॅचला पहिल्या बेसवरचे त्याचे तीन निर्णय रिप्लेने फिरवले. तरी गडी २०२४ पर्यंत उभा. ही नोकरी आहे की वतन?

मेधा
सगळेच चेंडू मशीनला देऊन टाका म्हणे! माझी लेक सॉफ्टबॉलमध्ये कॅचर आहे. तिचं अर्धं आयुष्य फ्रेमिंगवर गेलंय. गॅरेजच्या दारासमोर उकिडवी बसते, मी चेंडू टाकते, ती अंगठा खाली ठेवून मिट (कॅचरचा हातमोजा) खालून वर उचलत घेते, मनगट न हलवता. खालच्या कडेचा चेंडू असा अलगद वर येतो की मलाही स्ट्राइक वाटतो. जायंट्सचा कॅचर म्हणून पॅट्रिक बेलीचं नाव कशावर झालं? बॅटिंगवर नक्कीच नाही. ही कला एका सॉफ्टवेअरने पुसून टाकायची का?

एडिसनचा अण्णा
मेधाताई, राग मानू नका, पण ही कला नाही, फसवणूक आहे. जो स्ट्राइक नाही तो स्ट्राइक वाटायला लावायचा. अंपायर चुकावा म्हणून केलेली मेहनत. आणि मग आपणच विचारायचं की अंपायर का चुकतात.

मेधा
राग मानू नका असं म्हणून माझ्या पोरीला फसवी म्हणालात. छान. पिचर कर्व्ह (वळून खाली पडणारा चेंडू) टाकतो तेव्हा बॅटरला फसवतच असतो ना? बेस चोरणं चालतं, लपवाछपवीच्या खुणा चालतात, फक्त कॅचरने मिट नीट धरलं की अण्णांच्या नीतिमत्तेला घाम फुटतो.

कट्ट्यावरचा
पुण्यातून. बेसबॉल थोडाफार बघतो, पण हा वाद आमच्या ओळखीचा आहे. पॅडला लागलेल्या चेंडूवर शॉर्ट लेगपासून स्लिपपर्यंत सगळे घसा फोडून अपील करतात, तेव्हा ते काय न्याय मागत असतात? तेही फ्रेमिंगच. फक्त आवाजाचं.

अंपायरबद्दल मात्र आम्हाला सांगू नका. सिडनी २००८. सायमंड्स ३० वर असताना इशांतच्या चेंडूवर कड लागली, बकनरला ऐकू आली नाही, त्याने नाबाद १६२ केले. शेवटच्या दिवशी द्रविडला पॅडला लागलेल्या चेंडूवर कॅच आउट. गांगुलीच्या कॅचबद्दल बेन्सनने विचारलं कुणाला, तर पाँटिंगला! मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही.

तिसरा बेस
आणि त्यानंतर त्याच तुमच्या बोर्डाने २०१६ पर्यंत द्विपक्षीय मालिकांत डीआरएसला नको नको केलं. सिडनीवर रडायचं आणि औषध दिलं की तोंड फिरवायचं.

कट्ट्यावरचा
बोर्ड माझ्या तीर्थरूपांचं नाही. आणि ‘अंपायर्स कॉल’ नावाचा जो प्रकार आहे, चेंडू स्टंपला लागतोय असं दाखवतात आणि तरी नाबाद, तो तुमच्याकडे येणार असेल तर मशीन न आणलेलंच बरं.

मेधा
तो येणार नाही. एलबीडब्ल्यूत पॅडला लागल्यावर चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज करावा लागतो, म्हणून अंपायरला झुकतं माप. इथे चेंडू प्लेटवरून प्रत्यक्ष जातो, कॅमेरे तो मोजतात. कडेला केसभर शिवला तरी स्ट्राइक. हॉक-आय तेच, प्रश्न वेगळा.

पण अण्णा, तुमचं मशीनसुद्धा नियमांच्या पुस्तकातला झोन मोजत नाही. पुस्तकात झोनला खोली आहे, मशीन फक्त प्लेटच्या मधोमध एक सपाट काच धरतं. वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ वर. पुढच्या कडेला झोन शिवून खाली पडलेला कर्व्ह पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक, मशीनप्रमाणे बॉल. आता फसवणूक कुणाची?

एडिसनचा अण्णा
निदान ती सगळ्यांची सारखी. उंचापुरा जज आला काय, बुटका अल्टुव्हे आला काय, उंची मोजून ठेवलेली. कालच्या अंपायरला जजचे गुडघे कुठे आहेत ते रोज नव्याने शोधावे लागायचे. मला बरोबर झोन नको, एकच झोन हवा. एवढं साधं वाक्य समजायला कॅचरची आई असावं लागत नाही.

मेधा
आईवर घसरायचं काम नाही.

तिसरा बेस
बरं, एक मान्य. गुणपत्रिका उघड कराव्यात यावर माझी हरकत नाही. करा. फक्त बॅटरने पाय आपटत घातलेला तमाशा, पिचरची तोंडं, मॅनेजरच्या शिव्या यांचेही मार्क त्याच तक्त्यात छापा.

पण सगळे चेंडू मशीनला हे ट्रिपल-ए मध्ये (मेजर लीगच्या एक पायरी खाली) करून झालंय. २०२३ ला आठवड्याचे काही दिवस पूर्ण मशीन, काही दिवस चॅलेंज असं चालवलं. वॉक (चार बॉल झाले की बॅटरला फुकट पहिला बेस) वाढले, मॅचचा रंग गेला, खेळाडूंनीच चॅलेंजला पसंती दिली. २०२४ च्या जूनपासून तिथे फक्त चॅलेंज ठेवलं. तुमच्या क्रांतीला लोकांनी आधीच नकार दिलाय.

एडिसनचा अण्णा
ठीक आहे, खेळाडूंना नको असेल तर मी कोण? दोन चॅलेंज घ्या. मात्र आठव्या इनिंगला बेस भरलेले असताना दोन्ही संपलेली असतील आणि फूटभर बाहेरच्या चेंडूवर तुमचा बॅटर जाईल, तेव्हा मला टॅग करू नका.

फ्रेमाँटकर
चेक स्विंग??

मेधा
अण्णांसाठी एक आकडा. त्याच स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये कॅचरची चॅलेंज सगळ्यात जास्त बरोबर निघाली, ५६ टक्के. बॅटर ५०. पिचर ४१. म्हणजे ज्यांना तुम्ही फसवे म्हणता त्यांनाच झोन सगळ्यात चांगला कळतो.

एडिसनचा अण्णा
कळणारच. कुलूप कसं आहे ते चोराला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

(५६ चा आकडा लिहून घेतलाय. पिचरला चॅलेंज घ्यायची बंदी घाला, एवढं तुमच्या बाजूने.)

निवांत
फ्रेमाँटकरांना कुणीतरी उत्तर द्या रे. माणूस २०२१ पासून उभा आहे.