हृदय सावरलं, पण काहीच लक्षात राहत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितेच.

माझा नवरा ५२ वर्षांचा आहे. साडेचार महिन्यांपूर्वी रात्री झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं. घशातून येणाऱ्या घरघरीने मला जाग आली. आधी वाटलं, घोरतोय. हाका मारल्या, गदागदा हलवलं, मग अँब्युलन्सला फोन केला आणि पलीकडच्या बाई सांगतील तशी छाती दाबत राहिले. अँब्युलन्स यायला साधारण ९ मिनिटं लागली. दुसऱ्या शॉकनंतर नाडी लागली. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. म्हणजे हा हार्ट अ‍ॅटॅक नव्हता, ठोक्यांची लय अचानक बिघडून हृदयाने रक्त ढकलणंच थांबवलं होतं. पुन्हा तसं झालं तर आतूनच शॉक देणारा आयसीडी आता बसवलाय. इको चांगला आहे, जिने चढतो, चालायला जातो. बघणाऱ्याला वाटेल, माणूस ठणठणीत आहे.

पण नवीन काही डोक्यात टिकत नाही. सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवत नाही. "आज वार कोणता?" हे एका तासात पाच वेळा विचारतो. गोळी घेतली की नाही यावरून रोज शोधाशोध. दोन माणसं एकदम बोलायला लागली की गोंधळतो, उठून आतल्या खोलीत जाऊन बसतो. चिडतोही पटकन, पूर्वी असा नव्हता. संध्याकाळपर्यंत इतका थकतो की वाक्य अर्धवट सोडून देतो.

एक प्रसंग सांगते, म्हणजे नेमकं काय होतंय ते कळेल. तो मुद्रितशोधक आहे, २७ वर्षं हेच काम करतोय. गेल्या आठवड्यात जुन्या ओळखीच्या प्रकाशकाने प्रेमाने चार पानं पाठवली, बघ जमतंय का म्हणून. तो लाल पेन घेऊन बसला. एकेका शब्दाखालून पेनाचं टोक सरकवत, ओठ हलवत, अगदी पूर्वीसारखा. एका ठिकाणी 'आणी' होतं, ते बरोबर पकडलं. 'परिक्षा'ची वेलांटी बदलली. मी नंतर ताडून पाहिलं, एकही चूक सुटली नव्हती. मला इतका आनंद झाला! दहा मिनिटांनी त्याने तेच पहिलं पान पुन्हा हातात घेतलं, लाल खुणा बघितल्या आणि मला म्हणाला, "हे कुणी तपासलंय? चांगलं तपासलंय." मी म्हटलं, अरे, अक्षर तुझंच आहे. त्यावर बराच वेळ तो नुसता त्या अक्षराकडे बघत राहिला. मी तसं बोलायला नको होतं का, हे त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

हृदयाच्या डॉक्टरांना दोनदा सांगून झालं. त्यांच्यासमोर तो दहा मिनिटं छान बोलतो, विनोद करतो. ते म्हणतात, एवढ्यातून वाचले हेच खूप आहे, थोडं विसरायला होणारच. एमआरआयमध्ये विशेष काही दिसलं नाही. नातेवाईकही हेच म्हणतात, वाचला ना, मग आता कशाला काळजी! वाचला याचं मोल माझ्याइतकं कुणाला असणार? पण उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

नेमकं कुणाकडे जायचं? तेच तेच विचारल्यावर "आत्ताच सांगितलं" म्हणायचं की दर वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायचं? गाडीची किल्ली मागतो, तेव्हा काय सांगू? आणि एक विचारायचंच आहे. मी ते घोरणं समजले, त्यात एखादं मिनिट गेलं असेल. हे सगळं त्यामुळे झालं का?

– अबोली

पाऊलवाट: अबोलीताई, माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आम्हाला न्यूरोलॉजिस्टने समजावलं ते सांगतो. रक्त थांबलं की १०-१५ सेकंदांत शुद्ध जाते आणि ४-५ मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींना इजा व्हायला लागते. नव्या आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग ऑक्सिजनच्या तुटवड्याला सगळ्यात हळवा. म्हणून २७ वर्षांचं शुद्धलेखन शाबूत आणि दहा मिनिटांपूर्वीचं पान गायब. एमआरआय स्वच्छ असला तरी हे असू शकतं.

न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून स्मृती, लक्ष, विचारांचा वेग यांची सविस्तर चाचणी मागून घ्या. मोका नावाची ३० गुणांची छोटी चाचणी असते, सुरुवात बहुतेक तिथून होते. "लक्षात राहत नाही" एवढंच सांगू नका, आठवडाभर प्रसंग तारीख-वेळेसह लिहून न्या. ते पानाचं तर नक्की सांगा. तुम्ही फार मागताय असंही वाटू देऊ नका. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे की डिस्चार्जनंतर तीन महिन्यांच्या आत अशा रुग्णाची स्मृती-विचार, मनःस्थिती आणि थकवा तपासावा. थायरॉइड, बी१२, झोप, नैराश्य हेही बघून घ्या, त्यानेही विसरणं वाढतं. गोळ्यांचा संशय आला तरी परस्पर बंद करू नका.

पुन्हा_सुरू: मी स्वतः यातून गेलोय, तीन वर्षं झाली. ताई, आम्ही विसरतो असं लोक म्हणतात. मला आतून तसं वाटत नसे. विसरायला आधी काही असावं लागतं, माझ्याकडे ती गोष्ट आलेलीच नसायची. त्यामुळे "आत्ताच सांगितलं ना" ऐकलं की आपली काहीतरी चूक झाली एवढं कळायचं, कोणती ते कळायचं नाही. छातीत धस्स व्हायचं. सरळ उत्तर द्या, "गुरुवार." शक्य तिथे उत्तर भिंतीवर लिहा आणि बोट दाखवा. "ओळख बघू हे कोण" अशी परीक्षा कुणालाही घेऊ देऊ नका.

मला सगळ्यात उपयोग झाला तो एकाच वहीचा. एकच वही, एकच जागा. चिठ्ठ्या, मोबाइल, कॅलेंडर असं विखुरलं की शोधण्यातच दिवस जातो. गोळ्यांना वारांची डबी आणि गजर. आणि थकायच्या आधी विश्रांती, थकल्यावर नाही. हे समजायला मला वर्ष लागलं.

त्यांच्या कामाबद्दल एक सुचवतो. पान संपलं की त्याच्या डोक्यावर त्यांनीच तारीख, वेळ आणि आपली आद्याक्षरं टाकायची, मग पान उजवीकडच्या फायलीत ठेवायचं. रोज याच क्रमाने. लक्षात राहिलं नाही तरी हाताला सवय लागते. काम सोडायला मात्र लावू नका, चार पानं तर चार पानं.

रात्रपाळी: मी आयसीयूत नर्स आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितेय. ती घरघर म्हणजे खरा श्वास नसतो, हृदय थांबल्यावर काही वेळ तसा आवाज येतो. प्रशिक्षण घेतलेली माणसंही त्याने फसतात. तुम्ही मध्यरात्री जागं होऊन ते ओळखलंत, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंटिमीटर खोल दाबायचं असतं ते काम नऊ मिनिटं एकटीने केलंत. दोन मिनिटांत आमचे हात भरून येतात, म्हणून आम्ही आळीपाळीने करतो. त्या नऊ मिनिटांत मेंदूला जे रक्त मिळालं, ते तुमच्या हातांनी मिळालं. शुद्धलेखन राहिलंय, विनोद राहिलाय, ते त्यामुळे.

किल्लीचा निर्णय डॉक्टरांवर सोपवा. आयसीडी आणि मंदावलेलं लक्ष, दोन्हींसाठी विचारावं लागेल. त्यांच्या तोंडूनच नकार येऊ द्या, तुम्ही पहारेकरी होऊ नका. हातपाय अचानक झटके देत असतील तर तेही न्यूरोलॉजिस्टला सांगा. आणि तुम्ही झोपता का? त्या रात्रीनंतर त्याच्या श्वासाकडे कान लावून पडून राहत असाल तर स्वतःसाठीही कुणाशी बोला.

अबोली: रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. झोपत नाही मी, खरंय.

न्यूरोलॉजिस्टची पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. वही सुरू केली, निळ्या पुठ्ठ्याची, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात. काल त्याने दोन पानं तपासली आणि वर वेळ टाकून सही केली. थोड्या वेळाने पुन्हा पान उचललं, वर बघितलं, "झालंय हे" असं स्वतःशीच म्हणाला आणि फायलीत ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, काही बोलले नाही. नंतर तिसऱ्यांदा वार विचारला, मी सांगितला.

एक राहिलं. चाचणीच्या वेळी मी खोलीत थांबायचं की बाहेर? त्याच्यासमोर हे सगळं सांगायला जीभ रेटत नाही.

पाऊलवाट: चाचणी चालू असताना बाहेर. पण घरचं काय दिसतं ते नातेवाइकांना वेगळं विचारतात, नाही विचारलं तर तुम्हीच मागा. आणि आत जाण्याआधी त्यांना सांगून ठेवा की मी डॉक्टरांशी बोलणार आहे. वहीत लिहूनही ठेवा.