शाळेत आठवडाभर कंपोजर येणार आहेत, मुलांसोबत नक्की काय करून घ्यावं?

पंचम_निषाद
नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका शाळेत म्युझिक शिकवते. क्वायर आहे आणि एक छोटा स्ट्रिंग ग्रुप आहे, त्यात दोघं-तिघं खरंच छान वाजवतात, बाकीची अजून पहिल्या पोझिशनवर (डावा हात तारेवर न सरकवता) आणि काहींना तर फक्त मोकळ्या तारा सुरात वाजवता येतात. पुढच्या टर्मला एक कंपोजर रेसिडेन्सीसाठी, म्हणजे आठवडाभर शाळेत थांबून मुलांबरोबर काम करायला, येतायत. मॅनेजमेंटचं म्हणणं असं की सगळी शाळा हॉलमध्ये बसवून एक मोठं लेक्चर ठेवू, फोटो होतील, बाकी दिवस बघू कसं जमतं ते. मला हे अजिबात पटत नाहीये पण त्याऐवजी नक्की काय मागायचं तेही नीट सांगता येत नाहीये. बाहेरच्या देशांत असं काही होतं तेव्हा कंपोजर मुलांबरोबर काय करतात? आणि इतक्या कच्च्या मुलांसाठी कोणी मनापासून नवीन पीस लिहितं का?

बो_आणि_रोझिन
लिहितात की! आणि तुमच्या ग्रुपसारख्याच ग्रुपसाठी लिहिलंय. इंग्लिश कंपोजर बेंजामिन ब्रिटनचं 'नोयीज फ्लड' हे ऑपेरा बघा, इंग्लंडमध्ये 1958 मध्ये सफोकमधल्या ऑरफर्डच्या चर्चमध्ये पहिल्यांदा झालं. नोआच्या नावेची गोष्ट, त्यात मोजके प्रोफेशनल आणि बाकी सगळी आसपासची मुलं. व्हायोलिनचे तीन पार्ट केलेत, पहिला ज्यांना येतं त्यांच्यासाठी, दुसरा त्याहून सोपा आणि तिसरा नवशिक्यांचा, त्यात बरंचसं मोकळ्या तारांवर. म्हणजे ज्या पोराला चार तारांपलीकडे काही येत नाही तेसुद्धा वादळाच्या सीनमध्ये बसलेलं असतं आणि त्याचा आवाज खरंच लागतो, नुसतं मागे उभं केलेलं नसतं.

त्यातला पावसाचा किस्सा मला फार आवडतो. पहिले थेंब पडतात तो आवाज ब्रिटनला सापडत नव्हता. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या इमोजेन होल्स्ट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बायकांच्या मंडळांना पर्कशन शिकवलं होतं, त्यांनी ब्रिटनला आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि दोरीला ओळीने चिनी मातीचे मग टांगून लाकडी चमच्याने वाजवून दाखवले. तेच मग पीसमध्ये आले, आणि वाजवायला मुलंच. आपल्याकडे जलतरंग ऐकलेल्या मुलांना तर हे दोन मिनिटांत कळेल.

या इमोजेन म्हणजे इंग्लिश कंपोजर गुस्ताव होल्स्ट यांची मुलगी. होल्स्ट 1905 पासून 1934 मध्ये जाईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये शिकवत होते आणि 'सेंट पॉल्स सूट' त्यांनी शाळेच्याच ऑर्केस्ट्रासाठी लिहिला, आज तो जगभरातले प्रोफेशनल ग्रुप वाजवतात. हेच होल्स्ट ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावता याव्यात म्हणून संस्कृत शिकले आणि सावित्रीवर त्यांनी ऑपेरा लिहिला, तेव्हा तुमच्या मुलांना त्यांची ओळख करून द्यायला छान निमित्त आहे.

जुनी_रेकॉर्ड
सगळं मान्य, पण लेक्चरला इतकं खाली नका हो ढकलू. अमेरिकन कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइननी 1958 ते 1972 न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर मुलांसाठी जे कार्यक्रम केले, टीव्हीवर दाखवले जायचे ते, ती एका अर्थाने लेक्चरंच होती. पहिल्याच कार्यक्रमाचा विषय होता संगीताला अर्थ काय असतो. सुरुवातीला त्यांनी 'विल्यम टेल'चा घोडदौडीचा भाग वाजवला, मुलं लगेच लोन रेंजर लोन रेंजर करून ओरडली कारण त्या सिरियलला तीच ट्यून होती, आणि मग ते म्हणाले की या संगीताचा लोन रेंजरशी काही संबंध नाही, ते नोट्सबद्दल आहे. पुढे रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन किहोटे' या ऑर्केस्ट्राच्या पीसवर त्यांनी सुपरमॅनची एक बनवलेली गोष्ट सांगितली, ती अगदी चपखल बसली, आणि नंतर खरी गोष्ट सांगितली तर तीही तितकीच बसली. मुलांच्या डोक्यात जे पक्कं बसलेलं असतं ते त्यांच्यासमोर असं हलवून दाखवणं, हे फार थोड्यांना जमतं.

पण एक लक्षात घ्या, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा बसलेला होता. बोललेलं वाक्य संपायच्या आत वाजवून दाखवलं जायचं. म्हणून मॅनेजमेंटला लेक्चर हवंच असेल तर द्या, फक्त स्टेजवर तुमची मुलं वाद्यं घेऊन बसलेली पाहिजेत आणि प्रोजेक्टर बंद.

खर्जातला_सा
ताई, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की कंपोजरने आधी मुलांना ऐकलं पाहिजे आणि मग लिहिलं पाहिजे, आणि लिहिलेलं मुलांनी वाजवून बघितल्यावर बदललं पाहिजे. हे तिन्ही होत असेल तर ती रेसिडेन्सी, नाहीतर मग ती पाहुण्यांची भेट. आमच्या इथे एकदा एक नावाजलेले गृहस्थ आले होते, स्वतःचे व्हिडिओ दाखवले, मुलांनी प्रश्न विचारले आणि गेले. कोणाच्याही हातातल्या वाद्याला हात लागला नाही. मुलं इतक्या आशेने वाद्यं लावून बसली होती, मला अजून वाईट वाटतं.

इंग्लिश कंपोजर पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांच्याबद्दल वाचा. 1959 ला इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर ग्रामर स्कूलमध्ये म्युझिक टीचर म्हणून लागले, तेव्हा पंचविशीत होते, तीन वर्षं तिथे होते. त्या मुलांसाठी त्यांनी 'ओ मॅग्नम मिस्टेरियम' लिहिलं, अजिबात गुळगुळीत बालगीत वगैरे नाही, खरं मॉडर्न संगीत, त्यात मुलांना स्वतः इम्प्रोवाइज करायला जागा. जुन्या इटालियन कंपोजर मॉन्तेवेर्दीच्या 'व्हेस्पर्स'मधले भाग शाळेच्या ऑर्केस्ट्राला झेपतील असे करून घेतले. आणि मुलांना स्वतःचं कंपोज करायला लावलं, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. पुढे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर राहायला गेल्यावर कर्कवॉलच्या शाळेतल्या मुलांसाठी ऑपेरा लिहिला, म्हणजे नाव झाल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही.

अमेरिकेतही फोर्ड फाउंडेशनच्या पैशांवर 1959 पासून तरुण कंपोजर सरकारी शाळांमध्ये पाठवायचे, तिथल्याच बँड-क्वायरसाठी लिहायचं अशी अट. पुढे खूप नाव झालेले कंपोजर फिलिप ग्लास 1962 ते 64 पिट्सबर्गच्या शाळांमध्ये असेच होते.

पहिल्या दिवसासाठी एक सुचवतो. कॅनडाचे कंपोजर मरी शेफर वर्गात एक कागद द्यायचे आणि सांगायचे की हा आवाज न करता पूर्ण वर्गात फिरवा. करून बघा, पोरं श्वास धरून बसतात, पंख्याचा आवाज, बाहेरचा हॉर्न सगळं ऐकू यायला लागतं. त्यानंतर कंपोजरने बोलायला सुरुवात केली की वेगळंच ऐकतात.

पंचम_निषाद
खूप खूप आभार सगळ्यांचे, तिसऱ्या व्हायोलिनचं वाचून तर मी आधी आमच्या मागच्या रांगेतल्या मुलांनाच सांगितलं. अजून एक, आमच्या क्वायरमधली अर्धी मुलं हार्मोनियमवर सारेगम शिकलेली, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत) वाचता येत नाही. कंपोजर पूर्ण वेस्टर्न बॅकग्राउंडचे. अडचण येईल का?

बो_आणि_रोझिन
येऊ शकते, पण आधी सांगितलंत तर त्यातूनच काहीतरी निघेल. अमेरिकेतल्या कंपोजर रीना इस्माइल यांचं काम ऐका, त्या लॉस एंजेलिस मास्टर कोराल या क्वायरच्या आर्टिस्ट इन रेसिडेन्स होत्या. स्वतः हिंदुस्तानी संगीत शिकतात, गायिका सायली ओक यांच्याबरोबर काम करतात. लॉस एंजेलिसमध्ये बेघरपण अनुभवलेल्या लोकांचा एक क्वायर आहे, त्यांच्यासाठी त्यांनी तबल्याच्या बोलांवर 'तारेकिटा' लिहिलं. बोल तोंडाने म्हणायला नोटेशन कशाला लागतंय! तुमच्यातलं एखादं तबला शिकणारं पोर पुढे बसवा, कंपोजरच त्याच्याकडून शिकतील.

जुनी_रेकॉर्ड
आणि आपल्याकडे वसंत देसाईंनी शाळांतल्या मुलांकडून मोठ्या प्रमाणावर समूहगान करून घेतलं होतंच, सिनेमातला इतका मोठा माणूस. तेव्हा मॅनेजमेंटला हे बाहेरचं खूळ वाटत असेल तर त्यांचं नाव सांगा.

खर्जातला_सा
कंपोजरना आत्ताच मेल टाका, येण्याच्या किमान महिनाभर आधी. प्रत्येक मुलाचं फोनवर छोटं रेकॉर्डिंग पाठवा, सगळ्यात कच्च्या मुलाचं आधी. क्वायरची रेंज लिहून द्या, कोणाचा आवाज फुटतोय तेही. पहिल्या दिवशी ड्राफ्ट वाजवून बघायचा, मधे एक दिवस त्यांना बदल करायला मोकळा ठेवा, आणि नवीन पार्ट्सची प्रिंट काढायला ऑफिसमधल्या झेरॉक्सवाल्यांना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी तिथेच गाडी अडते. आणि पीस नंतरही शाळेला वाजवता येईल का हे त्यांच्याकडून लेखी घ्या.