सोळा वर्षांची मनी, एक दिवसाआड सलाइन आणि आपला हट्ट

गावभागकर :

आमची मनी सोळा वर्षांची झाली, म्हणजे माणसाच्या हिशेबाने ऐंशीच्या घरात आली. सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या घरात माडीच्या तुळईवरून एका उडीत धान्याच्या कोठीवर उतरणारी ही मांजरी गेल्या दिवाळीपासून जिन्याच्या पहिल्या पायरीशीही थबकू लागली. पाणी मात्र ती पूर्वीच्या दुपटी-तिपटीने पिऊ लागली. मोरीतल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून ती कितीतरी वेळ पीत राही आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटे. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 4.2 निघाले. मूत्रपिंडांचे सुमारे दोनतृतीयांश काम थांबेपर्यंत मांजर वरून फारसे काही दाखवत नाही आणि गेलेले काम परत येत नाही, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले.

तेव्हापासून त्यांच्या सल्ल्याने आम्ही एक दिवसाआड 100 मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे एक प्रकारचे सलाइन, घरीच तिच्या कातडीखाली देतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतकी करायची, सासऱ्यांची टोपी ज्या खुंटीला असे त्या खुंटीला ती टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीने उचलायची आणि त्या घडीत सुई सारायची. थोड्याच वेळात पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा येतो आणि काही तासांत तो जिरतो. माझ्या नणंदेला हे बघवत नाही. हा छळ आहे, असे ती म्हणते. जाणत्यांना विचारते, हे कुठवर करावे?

मिरजकर :

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आमच्या घरी तीन पिढ्या मांजरे होती आणि त्यांपैकी एकालाही सुई टोचलेली मला आठवत नाही. मांजर म्हातारे झाले की त्याचे खाणे कमी होई, ते कडब्याच्या गंजीकडे जाऊन पडून राही आणि एके दिवशी दिसेनासे होई. मांजराला आपले मरण कळते व ते घर सोडते, असे आमची आजी सांगायची. आपण जे करत आहात ते मनीच्या भल्यापेक्षा आपल्या भीतीपोटी अधिक आहे, असे मला वाटते. सोळा वर्षे दूधभातावर सुखाने जगलेल्या जिवाला आता दूधभात आणि ऊन एवढेच द्यावे. फार कण्हली, तर तापाची पाव गोळी दुधातून द्यावी.

वाईची पशुवैद्य :

आधी शेवटच्या वाक्याबद्दल, कारण ते वाचून कुणी तसे करेल. ताप-अंगदुखीसाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला पाव सोडाच, कणभरही देऊ नये. ते औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची जी व्यवस्था आपल्या यकृतात असते ती मांजरात फारच अपुरी आहे. रक्त प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि मांजर दगावते.

आता गंजीबद्दल. मांजर शिकार करते, तसेच त्याची शिकारही होते, म्हणून अशक्त झालेले मांजर आडोसा शोधते. काकांच्या आजींनी पाहिले ते खरेच होते. पण तिथे पडलेल्या मांजराला शांत मरण येई की तहानेने दोन-तीन दिवस तडफडून ते जाई, हे पाहायला कडब्यामागे कुणी गेले नव्हते.

दूधभाताची गोष्ट मला शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत असल्यापासून खुणावते, कारण आपल्याकडच्या शाकाहारी घरांतून ती हमखास ऐकू येते. मांजराला टॉरीन नावाचा घटक मांसातूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून दुबळे होते; हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये सिद्ध झाला. मग दूधभातावर मांजरे जगली कशी? ती दूधभातावर जगलीच नाहीत. उंदीर, पाली, चिमण्या यांवर ती जगली आणि घरचा दूधभात वरकड होता. ज्या दिवशी मांजरीची उडी संपते, त्या दिवशी तिची ही कमाई बंद होते. ताटलीत मात्र आपण जुनेच वाढत राहतो. त्यात मूत्रपिंडे थकलेली असतील, तर दुधातला फॉस्फरसही जड जातो.

मनीचे 4.2 हे मूत्रपिंडाच्या आजाराच्या चार पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवरचे आहे. या टप्प्यावर कातडीखालच्या सलाइनने पुष्कळ मांजरांना हुशारी वाटते. फक्त ती गाढ झोपलेली असताना मिनिटभर श्वास मोजत जावे. ते सतत तिसाच्या वर जाऊ लागले, तर सलाइन थांबवून लगेच दाखवावे, कारण हृदय दुबळे असेल तर तेच पाणी छातीत साठते.

माणदेशी :

इतका व्याप झेपत नसेल, तर शेतावर किंवा मासळी बाजारात सोडून येणे काय वाईट? तिथे खायला तरी मिळते.

वाईची पशुवैद्य :

तिथल्या बोक्यांनी आधीच वाटून घेतलेल्या जागेत दात पडलेल्या मांजरीला कुणी घासभर मिळू देत नाही. शिवाय भूक-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे.

अजिंक्यताऱ्याखाली :

मी साताऱ्याचा. डॉक्टरताईंचे शास्त्र मान्य करून मी मिरजकर काकांच्या बाजूने लिहितो, आणि सलाइनचे हे सगळे मी स्वतः केलेले आहे. आमच्या बोक्याला आठ महिने सलाइन दिले. पहिले सहा महिने ते त्याच्यासाठी होते. नंतर असे झाले की सुईचे प्लास्टिकचे पाकीट फाडल्याचा नुसता आवाज आला, की तो पलंगाखाली भिंतीला चिकटून बसे आणि मी पोटावर सरपटत जाऊन त्याला बाहेर ओढत असे. तो अंग चाटायचा थांबला होता. पाठीवरचे केस चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या. एका पायाची नखे वाढून, वळून, तळव्याच्या गादीत रुतली होती आणि ते मला पंधरा दिवसांनी, फरशीवरचा रक्ताचा ठिपका पाहून कळले. त्या सुमारास माझ्या वहीत मात्र ‘आज 100 मिली व्यवस्थित गेले’ अशी नोंद रोज होती! सेवा करतो आहोत या समाधानात जिवाकडे पाहायचेच राहून जाते. शेवटी डॉक्टर घरी आले, आधी गुंगीचे आणि मग भुलीच्या औषधाचे मोठे इंजेक्शन दिले आणि तो माझ्या मांडीवर गेला. ते दोन महिने आधी करायला हवे होते, असे मी आजही म्हणतो. तेव्हा मनी सुईपासून पळू लागेल त्या दिवशी थांबा.

मिरजकर :

पॅरासिटामॉलचे मला ठाऊक नव्हते, ते शब्द मागे घेतो. पण साताऱ्याच्या गृहस्थांनी लिहिले तेच मला म्हणायचे होते. इंजेक्शन देऊन झोपवणे मात्र मला पटत नाही. आणि डॉक्टरताई, जगवणेही आपल्या हाती आणि मारणेही, असे दोन्ही आपल्याकडे कशाला घ्यायचे?

वाईची पशुवैद्य :

काका, बादलीतले पाणी, दाराची कडी आणि ताटलीतला घास सोळा वर्षे आपल्याच हाती होते. शेवटी तेवढे हात झटकायचे, हे मला जमत नाही. सुईपासून पळण्याबाबत मात्र मी असहमत आहे. धडधाकट मांजरही सुईपासून पळते. खाणे, अंग चाटणे आणि घरातल्या माणसांपाशी येऊन बसणे या गोष्टी बंद पडू लागल्या, की विचार करावा.

गावभागकर :

सर्वांचे आभार. काल मनीची नखे पाहिली. मागच्या उजव्या पायाचे एक नख गादीला टेकत होते, ते कापून घेतले. तिला घेऊन काट्यावर उभी राहिले आणि मग एकटी उभी राहिले, वजाबाकी 2.6 किलो आली, दिवाळीत ती 3.1 होती. सुईला ती पळत नाही, उलट खुंटीखालच्या पोत्यावर अर्धवट झोपते. त्यामुळे सलाइन चालू ठेवत आहे. मिरजकर काकांचे ऐकून श्रावणापर्यंत, असे मनाशी ठरवले आहे. तेव्हा रक्त पुन्हा तपासू. नणंद अजून बोलत नाही.

नवी काळजी पावसाची आहे. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले होते, तेव्हा मनीला पाटीत घालून विश्रामबागेत नणंदेकडे नेले आणि दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नव्हते. आता ते दोन दिवस तिला झेपतील का?

वाईची पशुवैद्य :

नाही झेपणार, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते. पाणी 40 फुटांच्या इशारापातळीला लागण्याची वाट पाहू नये, आठवडाभर आधी न्यावे. तिचे पोते न धुता, त्याच वासासकट न्यावे, आणि जमल्यास तिथेही एक खुंटी शोधून ठेवावी.