पायथॉनमध्ये ॲबस्ट्रॅक्ट क्लास: गरज की जावावाल्यांची खोड?

पुणेरी_पायथॉन: काल इथे ॲबस्ट्रॅक्ट क्लासवरून (सबक्लासने कोणत्या मेथड लिहायलाच हव्यात हे ठरवणारा बेस क्लास) कुणी ठणकावलं, "ॲबस्ट्रॅक्ट क्लास ही जावातून आलेल्यांची खोड. मेथड नसेल तर एरर येईलच की." येईल हो, पण कधी? आमच्या पेमेंटच्या बेस क्लासमध्ये रिफंड मेथड नुसती नॉट-इम्प्लिमेंटेड-एरर फेकत होती. नव्या गेटवेसाठी रिफंड कुणी लिहिलंच नाही. पैसे घेणं झकास चाललं. पहिल्या गिऱ्हाइकाने परत मागितले आणि रात्री फोन! गेटवेचे ऑब्जेक्ट आम्ही सर्व्हर सुरू होतानाच बनवतो. बेस क्लास एबीसीपासून (पायथॉनचा ॲबस्ट्रॅक्ट बेस क्लास) घेऊन रिफंडवर ॲबस्ट्रॅक्टमेथड हा डेकोरेटर (मेथड सक्तीची करणारी खूण) लावला असता तर तिथेच टाइपएरर आला असता.

बदक_टायपिंग: टेस्ट लिहायच्या नाहीत आणि खापर भाषेवर. तुमचा एबीसी तपासतो काय, तर मेथडचं नाव. आर्ग्युमेंट चुकवा, चकार शब्द काढत नाही. बेस क्लास एबीसीपासून घ्यायला विसरलात तर डेकोरेटर नुसता शोभेला, ऑब्जेक्ट खुशाल बनतो. पायथॉन 3.8 पासून प्रोटोकॉल आहे (वारसा न घेता, मेथड जुळतात का एवढंच बघणारा), तो वापरा.

पीएचपी_वाला: हसा आम्हाला! 2004 च्या पीएचपी 5 पासून ॲबस्ट्रॅक्ट कीवर्ड आहे. मेथड राहिली की फेटल एरर, ऑब्जेक्ट बनेपर्यंत थांबायचं कामच नाही. आर्ग्युमेंट जुळली नाहीत तरी तेच.

पुणेरी_पायथॉन: @बदक, प्रोटोकॉल तपासायला मायपायसारखं टूल (कोड न चालवता टाइप तपासणारं) लागतंच ना? ते एबीसीच्या सबक्लासमधली आर्ग्युमेंटही तपासतं. मग फरक काय उरला?

नोकरी_शोधक: तुमचं चालू द्या. माझी मुलाखत ऐका. जागा पायथॉनची, प्रश्न "ॲबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेसमधला फरक." म्हटलं, पायथॉनमध्ये जावासारखा इंटरफेस कीवर्डच नाही. आणि ॲबस्ट्रॅक्ट मेथडला बॉडी देता येते, सुपरने बोलावताही येते. साहेब म्हणाले, "बेसिक कच्चं आहे." रिजेक्ट!

टीम_लीड_काका: मी विचारतो हा प्रश्न. पाठ करून आलेले लगेच ओळखू येतात.

नोकरी_शोधक: ओळखता आणि त्यांनाच घेता!

टीम_लीड_काका: नीट बोला. तुमच्यासारखे पहिल्याच दिवशी भांडायला लागतात म्हणून घेत नाही.

पीएचपी_वाला: काका, पायथॉनमध्ये ॲबस्ट्रॅक्ट मेथडला बॉडी चालते की नाही? एवढंच सांगा.

टीम_लीड_काका: चालत असेल. प्रॉडक्शनमध्ये कोण लिहितं?

पुणेरी_पायथॉन: आम्ही. लॉगिंग तिथेच आहे.

बदक_टायपिंग: बरं, पेमेंटपुरता एबीसी घ्या, सत्कार करतो तुमचा. बाहेरच्या लायब्ररीतले क्लास तुमच्या बेसपासून वारसा घेणार नाहीत, तेव्हा या प्रोटोकॉल मागायला. आणि काका, तो प्रश्न आता तरी बदला.

टीम_लीड_काका: नाही बदलणार.