विषाचे नियम: वास्तव म्हणजे तत्काळ मरण नव्हे

टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळांत वास्तवाला धरून राहायचे तर विषाने खेळाडूचे पात्र फाशाच्या एका फेकीतच मेले पाहिजे, असा मुद्दा चर्चेत मांडला गेला आहे; तो मला पटत नाही, कारण खरी विषे बहुधा इतक्या घाईत नसतात. मण्यार चावल्याचे झोपलेल्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही, आणि पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास अडखळणे ही लक्षणे कधी कधी काही तासांनी दिसू लागतात. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, पण तेही सहसा क्षणात जीव घेत नाही.

चर्चेत न आलेली गोष्ट अशी की १९८९ सालच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत विषांचे अक्षरवार वर्ग होते आणि प्रत्येकाला परिणाम सुरू होण्याची मुदत दिलेली होती. 'ए' वर्गाचे विष १० ते ३० मिनिटांनी भिनत असे, 'एफ' मात्र सेव्ह (विषातून वाचण्यासाठी टाकायचा बचावाचा फासा) चुकल्यास तत्काळ मारत असे (आणि टेबलावरची भांडणे बहुतेक याच वर्गावरून होत). माझ्या मते न्याय या मुदतीतच आहे, कारण तेवढ्या वेळात उतारा शोधणे, विषाचा वेग रोखणारा मंत्र वापरणे किंवा जखमीला उचलून माघार घेणे हे निर्णय खेळाडूंच्या हाती राहतात. याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील 'पॉइझन्ड' (विषबाधित) अवस्थेत हल्ल्यांवर आणि क्षमता-चाचण्यांवर फक्त डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा धरणे) मिळतो. कोणावर अन्याय होत नाही हे खरे, पण घड्याळाचा ताणही त्यात उरत नाही. त्यामुळे पहिली सेव्ह चुकल्यावर सूत्रधाराने (खेळ चालवणाऱ्याने) केवळ लक्षण सांगावे आणि जीवघेणी दुसरी सेव्ह मुदत संपल्यावरच मागावी.